लाल पाटीचा काठ

“हिरवं! हिरवं आलं! या रे सगळे, बघा!” कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मी बोंबलत होतो. माझा आवाज थेट चार कोसांवरच्या कडोदऱ्याला पोचला आणि तिथल्या कापडाच्या लूमवरचे धागे तुटले, असं लोक नंतर सांगायचे. लोक म्हणजे मीच.

आम्ही सगळे पोटासाठी आलो त्या उधन्याच्या मागे आमचा तलाव. अलीकडच्या काठाला आम्ही खानदेशी, पलीकडे विदर्भातली मंडळी. दर रविवारी मी अलीकडे पोरांना पोहायला शिकवायचो, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. पलीकडे एक वैदर्भीय गडी शिकवायचा. मी उडी मारली की पाणी चहाच्या टपरीत शिरायचं. तो उतरला तर बेडकालाही पत्ता लागत नसे. त्याची पोरं महिन्यात डबा सोडत. माझा एक चेला लग्न झालं तरी डबा सोडेना. पण गर्दी माझ्याकडे होती, आणि उस्ताद मलाच म्हणत.

शहरात साथ येऊन गेली आणि पालिकेला स्वच्छतेचं वेड लागलं. एक साहेब दोन्ही काठांचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेला आणि परतला तो पाट्या घेऊनच. पलीकडे हिरवी: पाणी ठीक. आमच्याकडे लाल: उतरू नका, पाण्यात मैला.

पुढच्या रविवारी माझी सगळी पोरं पलीकडे. डबेसुद्धा माझेच! मी काठावर बसून बघत राहिलो. तो एकेकाच्या पोटाखाली हात धरायचा आणि न बोलता हळूच काढून घ्यायचा. पोरं तरंगत राहायची. माझ्या पोटात अशी आग, की वर पातेलं ठेवलं असतं तर चहा उतू गेला असता.

मैला येतो कुठून हे शोधायला साहेबानं आमच्या गल्लीच्या संडासांत हिरवा रंग ओतला. तलावात थेंबभरही उतरला नाही. मी साहेबाला गाठलं.

“साहेब, पलीकडच्या संडासांतही ओता की.”

“त्यांचं पाणी तर चांगलं आहे.”

“ओता तर खरं!”

पाण्यातलं मला काय कळत होतं? त्याची पाटी उतरलेली बघायची होती, बस.

ओतला. आणि संध्याकाळी आमच्याच काठाच्या दगडांखालून हिरवी धार! त्यांच्या संडासांचा पाइप जमिनीखालून वळसा घेत आमच्याकडे येऊन फुटला होता.

“काऊन ओरडून राहिला भाऊ?” तो पलीकडून.

“तुमचा मैला माझ्या काठाला! ये, बघ!”

तो पोहत आला, धार बघितली, “हो बाप्पा, आमचंच आहे,” म्हणाला आणि साहेबाच्या माणसांबरोबर पाइप खोदायला गेला. भांडला असता तर जरा बरं वाटलं असतं. तेवढंही सुख दिलं नाही मेल्यानं.

पाइप बदलला. पाणी पुन्हा तपासलं. पावसाळा सरता सरता आमची पाटी हिरवी झाली. मी ती घासूनपुसून अशी चमकवली की तिच्यात बघून दाढी करावी. टपरीवर सगळ्यांचा चहा सांगितला आणि पलीकडे जाऊन हाक मारली, “चला रे, आपला काठ मोकळा झाला! डबे उचला!”

तो लग्न झालेला चेला तलावाच्या मधोमध, पाठ मोकळी. तिथूनच म्हणाला, “आमले आते पव्हता येस, दादा. डबा तठे काठवर ठेयेल शेतस.”