मुलाखतीच्या सकाळी गेलेला आवाज

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून दिसत नाही. कॉम्प्युटर मात्र तो माझ्याहून झपाझप चालवतो, कारण पडद्यावरचं सगळं कॉम्प्युटरच त्याला मोठ्याने वाचून दाखवतो. माऊसला तो हातही लावत नाही. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची आणि एंटर मारायचं. हे पॅकेज, म्हणजे एखादा प्रोग्रॅम, बसव, ते काढ.

त्या सकाळी त्याची ऑनलाइन मुलाखत होती. प्रश्न पडद्यावर लेखी येणार, उत्तरं तोंडी द्यायची, आणि खोलीत दुसरं कुणी चालणार नाही, असं कंपनीने बजावलेलं. मी हरसूलच्या शाळेत शिकवते. रजा टाकून नाशिकला घरी आले होते. माझा जीव टांगणीला लागलेला आणि हा निवांत चहा पीत बसलेला.

चहा संपला आणि साहेबांना साफसफाई सुचली! म्हणे, एक जुनी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना लागणारा कोडचा गठ्ठा, उगाच पडून आहे, काढून टाकतो. असं काही काढताना कॉम्प्युटर आधी विचारतो की हिच्याबरोबर अमुक तमुकही जाईल, काढू का? ती रटाळ यादी ऐकायचा त्याला कंटाळा, म्हणून आज्ञेतच 'हो' जोडून द्यायची त्याची खोड. दिलं जोडून. कॉम्प्युटर नावं वाचत गेला, वाचत गेला आणि एका शब्दाच्या मधेच गप्प झाला.

"ताई, बघ गं, हँग झालाय का?"

कसला हँग! ओळी सरकतच होत्या. त्या लायब्ररीच्या आधारावर चालणारं सगळंच निघून जात होतं, त्याला वाचून दाखवणाऱ्या आवाजासकट. मी तसं सांगितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आजच सुचायचं होतं का रे तुला हे?"

"नंतर ओरड. आता फक्त वाच."

गेलेला आवाज परत बसवायला तो टाइप करायचा, मी वाचायची. पहिल्यांदा उत्तर आलं, आत दुसरं काम चालू आहे, थांबा. थांबा काय थांबा! मग मोबाइलच्या नेटवर पॅकेजेस उतरायला लागली, तीही रडतखडत. "किती झालं?" "हललंच नाही." "आता?" "अरे, सांगते ना!" आई दहीसाखरेची वाटी घेऊन दारात उभी होती, आत यायची तिची छाती होत नव्हती. वेळेत झालं नाही तर याच्यासाठी ती मुलाखत म्हणजे नुसता कोरा पडदा, एवढंच डोक्यात घुमत होतं.

ऐन वेळेला कॉम्प्युटर बोलला. मी बाहेर पळाले, दार ओढलं आणि आईशेजारी उभी राहिले. एरवी तो आवाज इतका भरधाव असतो की मला अक्षर कळत नाही. नव्याने बसल्यामुळे तो एकेक शब्द सुटा बोलत होता, आणि हेडफोन लावायचं भाऊ घाईत विसरला होता.

पहिला प्रश्न आला. त्याने छान उत्तर दिलं. मग त्याच सपाट आवाजात इंग्रजी वाक्य ऐकू आलं, "याला दिसत नाही, लवकर आटपा." मुलाखत घेणाऱ्यांनी आपापसात लिहिलेला मेसेज चुकून त्याच्याही पडद्यावर आला होता.

मग भाऊ म्हणाला, "सर, हे बहुतेक माझ्यासाठी नव्हतं. पुढचा प्रश्न विचारा."

आईला इंग्रजी येत नाही. तिने माझा दंड धरला. "काय गं विचारलं?"

"अवघड होतं," मी म्हटलं, "पण आलं त्याला."