दारातला आड

माझी बनूमावशी सांगलीत एकतीस वर्षं राहिली आणि तिला तिथल्या पाच बायका नावानं ठाऊक नव्हत्या. हे मी तिच्या तेराव्याला सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, तेव्हा आईनं मला डोळ्यांनीच दटावलं. गप्प बसणं आमच्या आजोळच्या रक्तातच आहे. माझ्यात ते तेवढं उतरलं नाही.

मावशीचं सासर म्हसवडपासून चार कोसांवर. उन्हाळ्यात गावची विहीर तळाला गेली की दीड कोस चालून ओढ्यातल्या झऱ्यावर जायचं, वाटीवाटीनं घागर भरायची आणि उन्हं वर यायच्या आत परतायचं. तिचा नवरा, कृष्णातकाका, लग्नानंतर वर्षभरातच पलटणीत भरती झाला आणि लढाईवर मिसरला, म्हणजे इजिप्तला, गेला. चार वर्षं मावशी सासूच्या हाताखाली होती. सासू फार वाईट नव्हती, पण घरात शब्दाला शब्द नव्हता. मावशीचं सगळं बोलणं व्हायचं ते पाण्याच्या वाटेवर. सहा-सातजणी निघायच्या, जाताना सासवांचा उद्धार करायच्या आणि येताना, डोक्यावर ओझं असलं तरी, हसून हसून पाणी सांडायच्या.

बाईनं उंबरा ओलांडायचा तर काम लागायचं. 'जरा जाऊन येते' एवढं सांगून कोणी बाहेर पडत नसे. पाणी हे असं काम होतं की त्याला खाष्ट सासूसुद्धा आडवी येत नसे.

सेहेचाळीस साली काका पलटणीतून सुटून आला. सांगलीतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या वखारीवर त्याला रखवालदाराची नोकरी मिळाली. माणसारख्या दुष्काळी मुलखातल्या माणसाला सांगली म्हणजे केवढं शहर. संस्थानची राजधानी, आगगाडी, पेठा, आणि उन्हाळ्यातसुद्धा वाहणारी नदी. काकानं बायकोला बरोबर न्यायचं ठरवलं. सासू चार दिवस जेवली नाही, पण काका बधला नाही.

घर बघायला तो मावशीला घेऊनच फिरला. त्या काळात बायकोला विचारून बिऱ्हाड करणारा माणूस विरळाच, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

पहिली खोली होती बाजाराच्या मागच्या गल्लीत. तिथं माण-खटावची सात-आठ बिऱ्हाडं होती. अंगण सगळ्यांचं एक, आणि गल्लीच्या तोंडाशी सगळ्यांची मिळून एक विहीर. दोघं पोचली तेव्हा विहिरीवर बायकांची ही झुंबड उडालेली आणि नंबरावरून भांडण जुंपलेलं. त्यातली एक रुंद हाडाची बाई, शालूबाई, भांडण अर्ध्यावर सोडून मावशीला म्हणाली, "कुठल्या वो तुमी? म्हसवडकडच्या दिसताय." मावशी तोंड उघडणार तेवढ्यात काकानं तिला पुढं नेलं. मावशी मान वळवून विहिरीकडं बघत राहिली.

काकानं ते बघणं पाहिलं. त्याला वाटलं, भ्याली बिचारी. एवढ्या लांब येऊनही पुन्हा घागर आणि पुन्हा रांग.

दुसरं घर हरिपूरच्या रस्त्याला, वस्ती संपते तिथं. सुटं, कौलारू, चारी बाजूंनी भिंत. मालक मिरजेला असायचा. आणि परसात, स्वयंपाकघराच्या दारापासून दहा पावलांवर, स्वतःचा आड. काकानं पोहरा सोडला, वर ओढला, आणि हातांवर पाणी घेऊन तिच्याकडं बघितलं. मिसरच्या वाळवंटात दिवसाला एक बाटली पाणी मिळायचं, तेव्हा तो म्हणे रोज मनातल्या मनात हेच बघायचा, की आपल्या दारात पाणी आहे आणि बनू घागर घेऊन कुठं जात नाही.

"बनू, हितं ऱ्हायाचं. तुला आता पाण्याला जायाला नगो," तो म्हणाला. "पसंत हाय न्हवं?"

मावशीनं होकाराची मान हलवली. मला तिचा राग येतो तो इथं. तोंड होतं, नवरा विचारत होता, आणि ही बाई मान हलवते. मी तिला तसं म्हणालेही होते. ती म्हणाली, "अगं, त्यास्नी एवढा आनंद झाल्याला. कसं सांगू?"

काका सकाळी सातला वखारीवर जायचा, दिवेलागणीला यायचा. मावशीची कामं नऊ वाजता संपायची. मग ती जात्यावर उगाच आणखी पायलीभर दळायची, स्वच्छ अंगण पुन्हा झाडायची. भिंतीपलीकडून बैलगाड्या जायच्या, त्यांच्या घुंगरांवरून ती गाड्या ओळखायला शिकली. दुपारी कधी कधी ती आडात वाकून बोलायची. काय बोलायचीस, विचारलं तर म्हणाली, "न्हाई बा, नुसतं 'व्हय' म्हनायची. आवाज परत यायचा." हे ऐकून मला रडू आलं, आणि ती माझ्याकडं बघून हसली.

काही महिन्यांनी तिनं दोराची गाठ सैल केली. पोहरा आडात गेला. मग ती घागर उचलून थेट बाजारामागच्या विहिरीवर गेली, पाऊण मैल. शालूबाईनं तिला ओळखलं. "आलासा व्हय? कवाची वाट बघतीय तुमची," म्हणाली आणि आपल्या नंबरात घुसवून घेतलं. दोन दिवस मावशीनं दिवसाला पाच खेपा केल्या. तिसऱ्या दिवशी काका वखारीतून गळ घेऊन आला आणि पोहरा काढला. वर नवा काथ्याचा दोर आणला, दुप्पट जाड.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं जे केलं ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. मला सांगितलं ते काका गेल्यानंतर. रॉकेल तेव्हा रेशनवर मिळायचं, महिन्याला एक बाटली. दुपारी ती बाटली तिनं उचलली, आडाच्या काठावर उभी राहिली आणि सोडून दिली. आतल्या दगडावर फुटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ पाण्यावर रंग पसरत गेले ते ती बघत बसली.

संध्याकाळी काकाला वास आला. "हातनं निसटली," मावशी म्हणाली.

तो रागावला असता तर फार बरं झालं असतं. रागाच्या भरात कदाचित हिच्या तोंडून खरं निघालं असतं. पण त्यानं तिचे दोन्ही हात धरून उलटेपालटे बघितले. "काच लागली न्हाई न्हवं?" एवढंच विचारलं. महिनाभर दोघं अंधारात जेवली. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, त्यानं आडाचं पाणी उपसलं, दीडशे पोहरे काढले, पण वास काही गेला नाही. मालकानं निरोप धाडला, पाऊस पडून पाणी बदलल्याशिवाय हे जायचं नाही.

मावशी मनातून हरखली होती. निरोप आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिनं वेणी घातली, चांगलं लुगडं नेसली आणि घागर घ्यायला परसात गेली. घागरी जागेवर नव्हत्या.

काका दारातून आत येत होता. खांद्यावर कावड, दोन्ही बाजूंना घागरी काठोकाठ भरलेल्या. सदरा निथळत होता. बायकांच्या विहिरीवर कावड घेऊन पुरुष आलेला बघून सगळी गल्ली हसली असणार. पलटणीतला गडी तो, पण रांगेत उभा राहून आला होता.

"म्या गेली असती की," मावशी म्हणाली.

"न्हाई. जलमभर पानी व्हायलंस. मी हाय तवर न्हाई." त्यानं कावड टेकवली आणि धाप लागलेली असताना हसला. "ती शालूबाई हाय न्हवं, तुझी लय चौकशी करत हुती. म्हनली, बाई आजारी हाय का? म्या म्हनलं, न्हाई, सुखात हाय."

मावशीनं पुढं होऊन घागर उतरून घेतली. ती जमिनीवर ठेवताना खाली मान घालून तिनं विचारलं,

"आनि काय म्हनत हुत्या बाया?"