सावली नसलेला खांब आणि इंदापूरचे बारा

इंदापूरला जायचे ठरले ते एका पोस्टकार्डामुळे, आणि ते कार्ड हातात पडताच मी चिडलो. पत्त्यात माझे नाव ‘दीनकर’ लिहिले होते. दिनकर म्हणजे सूर्य. दीनकर म्हणजे काय, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

मी बारामतीत छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. शाळा सहावीत सुटली. पंचांगाची पाने जुळवताना सूर्याच्या ‘क्रांती’चा, म्हणजे तो विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे त्याचा, रकाना हाताखालून जातो. शेवटी तो नकाशाशी ताडून पाहिला. मेच्या मध्याला क्रांतीचा आकडा आपल्याकडच्या अक्षांशाएवढा होतो. म्हणजे त्या दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि उभ्या खांबाला सावलीच नाही! इंदापूरच्या शंका मंडळाला तसे कळवले. विज्ञान-गणिताचे प्रश्न विचारायला दर रविवारी जमणारी ही हौशी मंडळी. सभासद मात्र मॅट्रिक झालेलाच घेतात. चिटणीस गुरुजींचे उत्तर त्या कार्डावर आले : ‘सूर्य डोक्यावर फक्त विषुववृत्तावर येतो. तरीही दाखवून द्या. नियम बाजूला ठेवून सभासद करून घेऊ.’

मेच्या मध्यातला रविवार गाठायला शनिवारी सकाळच्या एस.टी.ने निघालो. जाणाऱ्यांनी डावीकडे बसू नये, ऊन तोंडावर येते. लासुर्ण्यापर्यंत पाटाच्या कडेचा ऊस दिसतो, पुढे धूळ. माझ्याजवळ चार फुटी खांब आणि गवंड्याचा ओळंबा. शेजारी गवारीची पाटी घेतलेले एक गृहस्थ.

“गवंडी हायसा व्हय?”

मी नाही म्हणालो, आणि चूक केली ती कारण सांगण्याची.

“आसं! मग मला सांगा, पृथ्वी फिरती न्हवं? तर आपून हितंच थांबायचं. इंदापूर आपसूक यील. भाडं कशापाय द्यायचं?”

सगळी गाडी हसली. मागून कोणी विचारले, चंद्रावर उसाला पाणी कुठून देतात? निमगाव केतकीला गाडी थांबली तेव्हा गवारवाल्यांनी मला विड्याचे पान दिले, पण प्रश्न सोडला नाही.  शेवटी मी तो वहीत टिपून घेतला, तोही वैतागूनच.

इंदापुरात धर्मशाळेत जागा मिळते. पांघरूण आपले न्यावे. स्टँडजवळच्या खानावळीत पिठले-भाकरी चांगली, पण पाटीवर ‘खाणावळ’. मालकांना सांगून पाहिले. ते म्हणाले, “ण लिवला म्हून कुनी उपाशी ऱ्हायलं न्हाय.”

रविवारी अकरालाच शाळेच्या आवारात खांब रोवला. ओळंब्याने चारही बाजूंनी तपासला, तीनदा. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक चिंचोका ठेवू लागलो. मंडळाचे पंधरा-वीस जण जमले. गुरुजींनी शाळेचे घड्याळ बाहेर आणून खुर्चीवर ठेवले.

बारा वाजले. सावली होती. पश्चिमेकडे चांगली सहा इंच.

“खांब वाकडा असेल,” मी म्हणालो आणि पुन्हा ओळंबा लावला. खांब सरळ होता.

“सूर्यनारायण मॅट्रिक नापास झाले वाटतं,” कोणी बोलले. गुरुजी हसले नाहीत, तेच जास्त लागले. “जेवून घ्या,” म्हणाले, आणि सगळे पांगले.

मी मात्र चिंचोके ठेवत राहिलो. दुसरे काय करणार? लिंबाखाली एक म्हातारे आबा बसून होते. पूर्वी पाटकरी होते, म्हणजे कालव्याचे पाणी शेतांना वाटून देणारे.

“थांबा की,” ते म्हणाले. “बारा कुठं वाजल्यात अजून?”

“आबा, घड्याळात सव्वाबारा झाले!”

“त्ये घड्याळाचं. उनाचं बारा येगळं. आमी काठीच्या सावलीवर पानी वाटायचो. घड्याळं आली आन् दर पाळीला अर्ध्या तासाची भांडणं. येक म्हनायचा माझी पाळी सुरू, दुसरा म्हनायचा माझी सपली न्हाय. ह्यो अर्धा तास जातो कुठं, सांगा?”

बारा अठ्ठावीसला सावली खांबाच्या बुंध्यात शिरली. मी खाली वाकून पाहिले, चारही बाजूंनी पाहिले. नव्हती! धावत जाऊन गुरुजींना पानावरून उठवले. ते उष्टा हात तसाच धरून आले, तोवर पूर्वेकडे दीड इंच सावली उगवलेली.

“सावली रोजच पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते,” गुरुजी म्हणाले, “खांबाच्या उत्तरेने वळसा घालून. यात नवीन काय?”

“वळसा घेतला का ते बघा,” मी म्हणालो. आवाज माझा मलाच मोठा वाटला. चिंचोक्यांवरून ओळंब्याची दोरी ताणली. ती सरळ खांबाच्या बुंध्याला जाऊन टेकली.

गुरुजींनी उकिडवे बसून डाव्या हाताचे बोट दोरीवरून बुंध्यापर्यंत फिरवले. मग हात धुऊन त्यांनी सभासदांची नोंदवही आणली आणि लिहिले, ‘दीनकर’.

“दि पहिली, गुरुजी.”

“सूर्य डोक्यावर आणलात, आता वेलांटीही उतरवा!” म्हणाले, पण खोडून नीट लिहिले.

परत येऊन आठवडा झाला. खांब छापखान्याच्या मागे उभा आहे. सावलीबद्दल आता कोणी काही विचारत नाही. ‘दुपारी बारा वाजता’ हे शब्द जुळवताना मात्र माझा हात थांबतो. नव्या सभासदाने पहिला प्रश्न पाठवायचा असतो. मी पाठवला : ‘अर्धा तास जातो कुठे?’ खाली नाव आबांचे घातले. त्या दुपारी त्यांनीच ते नाव मला जमिनीवर गिरवून दाखवले होते, आणि त्यात एकही चूक नव्हती.