गोड्या पाण्यातला वाडगा

पासष्टी उलटल्यावर प्रथमच छापण्यासाठी काही लिहितो आहे. तेही अशा माणसाविषयी, ज्याच्याविषयी लिहिण्याचा अधिकार सर्वांत कमी मलाच आहे. वाचकांनी हे धाडस पोटात घालावे. दीड महिन्यापूर्वी नांदेडहून माझा मित्र शिवराज याची मुलगी गौरी हिचा फोन आला, "काका, बाबा गेले..." आणि दुःखाच्याही आधी मनात आले, की आता शिवराजशी माझी तुलना कोणी करणार नाही.

नांदेडच्या वसतिगृहात एका खोलीत राहून आम्ही इतिहासाचे एम.ए. केले. प्राचीन वस्तूंच्या जतनाचे प्रशिक्षण असते, ही जाहिरात मीच शोधली. दोघांचे अर्जही मीच भरले. त्याचा टपालात पडला. माझा, मुलाखतीच्या धास्तीने, ट्रंकेतच राहिला. मी उदगीरला शिक्षक झालो आणि तो दूरच्या समुद्रात बुडालेल्या व्यापारी जहाजातील शेकडो वर्षांपूर्वीची चिनी भांडी सांधू लागला. सुट्टीत आला की बाजारातले दुकानदार त्याला गादीवर बसवून घेत आणि मला म्हणत, "सर, तुमचे दोस्त लई मोठे झाले." मी हसत असे...

एकदा त्याने त्याच जहाजातला एक तडकलेला वाडगा, रीतसर कागदांसह, माझ्यासाठी आणला. ओल्या कापडातून काढून थेट बादलीत बुडवला. "अंगात समुद्राचं मीठ मुरलंय. वर्षभर दर आठवड्याला गोडं पाणी बदलायचं. एकदम वाळवायचं न्हाई."

"इथं नळ दहा दिवसांनी येतो."

"म्हणून तर तुला देऊन राहिलो. तुझ्याएवढा नेमाचा माणूस कुठं हाय?"

चार महिने मी पिण्याच्या पाण्यातून त्याचा वाटा काढला. मग ऐन उन्हाळ्यात शिवराजचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले. त्या दुपारी मी वाडगा उचलला आणि गच्चीवर, सांडग्यांच्या शेजारी, उन्हात ठेवला. भिंतीला लोणा धरतो तसे मीठ फुलून आले आणि निळ्या फुलांसकट झिलई गळून पडली.

दिवाळीत त्याने वाडग्यावरून बोट फिरवले. "सर, समुद्राला जमलं न्हाई, ते तुम्ही केलं." एवढेच. घरी मात्र त्याने वाडगा माझ्याकडे सुखरूप असल्याचे सांगितले, हे मला गौरीकडून कळले. त्याचा हा मोठेपणाही मला सोसला नाही.

वाडगा अजून त्याच बादलीत आहे. उपयोग नाही हे ठाऊक असूनही दर शनिवारी मी पाणी बदलतो. बाबांची आठवण म्हणून गौरी तो एकदा पाहू इच्छिते. तुम्हीच सांगा, मी स्वतः नांदेडला जाऊन तिला हे सांगावे, की हा लेख टपालात टाकून पुन्हा घरीच बसावे?