परीक्षेचा पाय

"हा चौथा साचा हाय सर. माझ्या एका पायाचे पाय करता तरी किती?"

कौसाबाई टेबलावर बसल्या होत्या. गुडघ्याखाली उरलेल्या त्यांच्या पायावर, ज्याला आम्ही स्टंप म्हणतो, मी प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळत होतो. मी म्हणालो, प्रॅक्टिस चालू आहे. त्यावर त्यांनी ऐकवलं की गावात हंडाभर पाण्यासाठी टँकरमागं पळावं लागतं आणि इथं मी बादलीभर पाण्यात प्रॅक्टिस कालवतोय. मला राग आला. त्या बरोबर बोलत होत्या म्हणून जास्तच आला.

बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या ट्रस्टचा दवाखाना होता. तिथल्या वर्कशॉपमध्ये मी कृत्रिम पाय बनवायचो. त्या वर्षी पाऊस नव्हता, म्हणून ऊस नव्हता, म्हणून कारखान्याचा बॉयलर पेटणार नव्हता. दवाखाना बघणारे संचालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी मला बोलावून सांगितलं की सर्टिफाइड माणूस नसेल तर पुढच्या वर्षीपासून वर्कशॉपही चालणार नाही. सतरा वर्षं पाय बनवतोय आणि हे कागद मागतात. चरफडतच मी अर्ज केला.

परीक्षा हातानं करून दाखवायची होती. आपला पेशंट आपण न्यायचा, त्याच्यासाठी बनवलेला पाय न्यायचा आणि परीक्षकांसमोर तासाभरात तो बसवून, जुळवून, पेशंटला चालवायचं. जुळवणं म्हणजे अलाइनमेंट. स्टंप ज्यात बसतो ते सॉकेट, मधली नळी आणि खालचं पाऊल यांचा एकमेकांशी कोन नीट हवा. तो थोडा चुकला तरी माणूस लंगडतो.

कौसाबाई वडवणीकडच्या. मागच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीचं चाक त्यांच्या पायावरून गेलं होतं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा नवरा म्हणजे अर्धा कोयता, आणि मुकादम अर्धा कोयता सहसा नेत नाही. परीक्षेनंतर आठ दिवसांनी त्यांची टोळी दुसऱ्या जिल्ह्यात ऊसतोडीला निघणार होती. तोवर फडात उभं राहता येईल असा पाय हवा, एवढीच त्यांची मागणी होती. मी म्हणालो, परीक्षेला चला, तोच पाय तुमचा. पहिल्याच साच्यातून त्यांचा पाय झाला असता. पुढचे तीन माझा हात बसावा म्हणून होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता माझी अक्कल ऐका. शेल्फवर रबराची पावलं पडून होती. अनवाणी चालायला, उकिडवं बसायला चांगली. पण दिसायला गावठी. परीक्षक काय म्हणतील? मी पेटीतलं एकमेव भारी पाऊल काढलं. ते बुटासाठी बनवलेलं असतं. बुटाची टाच जेवढी उंच, तेवढं ते मुळातच तिरकं. मग बूट हवेत. बायकोचे चालायला जायचे बूट घरी नवेकोरे पडले होते, ते आणले. कौसाबाई म्हणाल्या, "कावून बूट?" मी म्हणालो, परीक्षेची पद्धत असते. अशी काही पद्धत नव्हती.

परीक्षेच्या दिवशी मी अवजारं मांडण्यात गुंग होतो. परीक्षक मॅडम वयस्कर, चष्मा नाकावर. त्या म्हणाल्या, चालवा. कौसाबाई दोन दांड्यांच्या मधून चालू लागल्या आणि तिसऱ्या पावलाला त्यांचा गुडघा मागं गेला. पुन्हा मागं गेला. चार वेळा तपासलेला पाय! सपाट फरशीवर त्या डोंगर चढल्यासारख्या चालत होत्या. मी खाली पाहिलं. पाय अनवाणी. टाचेखाली बूट नाही, म्हणून सगळा पाय मागं झुकलेला.

"बूट कुठंयत?" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

"दाराभाईर काढले. एवढी मोठी माणसं बसलीत, अन् मी बूट घालून आत येऊ?"

मॅडमनी बूट आणायला लावले. बूट घातल्यावर त्या अशा चालल्या की मला स्वतःचाच सत्कार करावासा वाटला. मॅडमनी मान हलवली, फॉर्म उचलला. पेशंटची माहिती लिहायचा फॉर्म. 'पादत्राण' या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं, बूट. तो फॉर्म मी नमुन्यावरून उतरवला होता, कौसाबाईंना न विचारता.

"बाई, घरी, रानात बूट घालता का?" मॅडमनी विचारलं.

मी मॅडमच्या मागून डोळे मोठे केले. हो म्हणा, एवढंच.

कौसाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग मॅडमकडं. "सर म्हणत्यात तसं सांगू का खरं सांगू?"

खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"म्या जन्मात बूट घातला न्हाई. हे सरांच्या मालकिणीचे हायत."

नापास. मॅडमनी शेरा लिहिला, पाय पेशंटच्या वापराचा नाही. बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्यावर तुटून पडलो. तुमच्यामुळं झालं, एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं, वगैरे. त्यांनी बूट काढून माझ्या हातात दिले.

"तुमी पुढल्या टायमाला पास व्हताल. माजी टोळी आठ दिसांत जाती. चार साचे काढले सर, पर एकदाबी इचारलं न्हाई, कौसा, तू कशावर उभी राहती."

परतीच्या एसटीत त्या खिडकीपाशी बसल्या, मी चार सीट मागं. दोघंही फुगलेले. पण माझ्या रागाला आता बसायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पढवलेली बाई न्यायची ना! पेशंटच चुकीचा नेला तुम्ही." मी व्हरांड्यात ओरडलो होतो तेच ते शांतपणे म्हणत होते, म्हणून मला त्यांचा फारच राग आला. मी म्हणालो, पेशंट बरोबर होता, पाय चुकीचा होता. तसाच वर्कशॉपमध्ये गेलो आणि भारी पाऊल उतरवलं.

रबरी पाऊल लावलं. उकिडवं बसता यावं म्हणून सॉकेटची मागची कड खाली उतरवली. आणि अलाइनमेंट फरशीवर केली नाही. वर्कशॉपमागं नांगरून ठेवलेलं, न पेरलेलं रान होतं, नुसती ढेकळं. तिथं कौसाबाई चालल्या, बसल्या, उठल्या, ट्रॉलीत ऊस भरताना चढतात तशा डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन फळीवर चढल्या. दर खेपेला शिव्या दिल्या, मी दर खेपेला स्क्रू फिरवला. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी शिव्या थांबल्या.

टोळी गेली, त्यात पुरा कोयता गेला. हंगाम संपल्यावर त्या आल्या ते तक्रार घेऊनच. रबराची टाच फाटली होती, पट्टा तुटला होता. मी दोन्ही बदलून दिलं. त्यांनी आभार मानले नाहीत, मीही वाट पाहिली नाही.

पुढच्या खेपेला मी पास झालो. 'पादत्राण' हा रकाना फॉर्मच्या तळाशी असतो, अर्ध्या ओळीचा, मार्क दोन. आता वर्कशॉपमध्येही मी तो सगळ्यात आधी भरतो, आणि पेशंटला विचारून.