टेकडीवरची धुरी

नातीला हिंजवडीच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती, पण इंजिनिअरिंगचं शेवटचं प्रोजेक्ट पास झालं तरच. प्रोजेक्ट म्हणजे सहा प्लॅस्टिकचे डबे. उन्हाळ्यात आमच्या घरामागच्या टेकडीवर गवत पेटतं. धूर लागला की डब्याने शेजारच्या डब्याला बिनतारी निरोप द्यायचा, त्याने पुढच्याला, असं करत तो खाली कॉम्प्युटरवर पोचायचा. नळावर बातमी पसरते तसंच. मला लगेच कळलं.

कॉलेजात तिने उदबत्ती लावून दाखवलं होतं. सर म्हणाले, "उदबत्तीचा वणवा मी अजून पाहिलेला नाही. टेकडीवर दाखवा."

टेकडीवर जाळ करायला वनरक्षक परवानगी देईना. मी विचारलं, "शेगडीची धुरी चालेल का?" जन्मभर मी बाळंतिणींना न्हाऊ घातलं, बाळांना धुरी दिली. शिक्षण चौथी, पण धूर मला कळतो. पाण्याची बादली घेऊन तो शेजारी उभा राहणार, या अटीवर कबूल झाला.

सर आणि नात खाली फाटकापाशी कॉम्प्युटर घेऊन बसले. वर पहिल्या डब्याजवळ मी निखाऱ्यांवर वाळलं गवत आणि लसणाची सालं टाकली. भरपूर धूर झाला. मोबाइलवर विचारलं, "आलं का?"

"नाही गं आजी. सर घड्याळ बघतायत."

मी धुराकडे पाहिलं. दुपारचा वारा चढणीने वर चालला होता आणि धूर त्याच्याबरोबर, जमिनीलगत. डबा बांधलेला खालच्या अंगाच्या झाडाला, तोही उंच. त्याला धूर लागणार कसा?

"डबा सोडून वरच्या बाजूला बांधते."

"आजी, हात लावू नकोस. जागा मोजून नकाशावर ठरवल्यात."

मी फोन ठेवला. डबा सोडला आणि वरच्या बाभळीला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, चिंधीने बांधला. वनरक्षक म्हणाला, "आजी, बिघडलं तर?"

"तसंही पास कुठे होतंय?" म्हटलं.

धूर डब्यावरून गेला. फोन वाजला. "आजी, आलं. सगळे डबे ओलांडून आलं, पडदा लाल झालाय." पोरगी हसतेय की रडतेय, कळेना. मी तिथेच उडी मारली असती, पण शेगडी पायाशी होती.

सरांनी फोन घेतला. "आजी, नकाशात नसलेल्या जागी डबा कसा काय?"

"अहो, नकाशात वारा नव्हता."

ते म्हणाले, "पास करतो. पण उरलेले पाचही तुम्ही सांगाल तिथे बांधू."

वनरक्षकाने शेगडीवर बादली ओतली. मग ऊन उतरेपर्यंत मी पुढे आणि सर माझ्यामागे, हातात डबा घेऊन.