प्रायमरीची डिबेट

चहा आधी संपवून घ्या बरं का. मागे हा किस्सा सांगत होतो तेव्हा एका पाहुण्याला असा ठसका लागला की त्यांचा पांढराशुभ्र सदरा आमच्या हिला धुऊन द्यावा लागला. झाला संपवून? आता ऐका. प्रायमरी शाळेत उभी हयात घालवलेल्या एका मास्तराने अख्ख्या वरवट बकालसमोर स्वतःचं हसं कसं करून घेतलं, त्याची ही हकीकत. आणि तो मास्तर म्हणजे दुसरं कोण? तुमच्यासमोर बसलाय तोच!

आमची सुलू, एकुलती एक लेक, अमेरिकेत असते. तिची मुलगी ईरा तिकडे तिसरीत आहे. आता तुम्ही म्हणाल, हल्ली काय, व्हिडिओ कॉल असतो, समोरासमोर बसल्यासारखंच! कसलं समोरासमोर? फोन असतो ईराच्या हातात. आम्हाला दिसते ती ईरा, नाहीतर त्यांच्या घराचं छत. सुलू मागून कुठून तरी बोलत असते, "आई, बीपीची गोळी घेतली का?" एवढंच.

तर एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह!

"बाबा, शुक्रवारी आमच्या गावात प्रायमरीची डिबेट आहे! टीव्हीवर लाइव्ह दाखवणार आहेत. तुमच्याकडे शनिवारची सकाळ असेल. लिंक पाठवते, नक्की पाहा. आपल्या घरातलं कोणीतरी बोलणार आहे!"

"कोण गं?"

"ते सरप्राइज!" म्हणाली आणि ठेवला फोन.

आता तुम्हीच सांगा, प्रायमरी म्हटल्यावर माझ्यासारख्या माणसाच्या डोळ्यांसमोर काय येणार? पहिली ते चौथी! डिबेट म्हणजे काय? वादविवाद स्पर्धा! आणि घरातलं कोणीतरी म्हणजे? आमची ईरा! यात चुकलं कुठे? मी तर अजूनही म्हणतो, हिशोब बरोबर होता, फक्त देश चुकला.

खरं सांगू का, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण वादविवाद हा आमच्या घरातला जुना आजार. सुलू लहान असताना मी तिला खामगावच्या स्पर्धेला घेऊन जायचो. तयारी कुठे करायची? आमच्या मळ्यात! वांग्याच्या वाफ्यासमोर ही चिमुरडी उभी राहायची आणि हात उंचावून म्हणायची, "अध्यक्ष महाशय, परीक्षक आणि माझ्या बालमित्रांनो!" मी बांधावर बसून वेळ लावायचो. माझ्याकडे टेबलावरची पितळी घंटी होती, टिचकी मारली की टिंग वाजणारी. माझा नियम एकच. घंटी वाजली की तोंड बंद, वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल.

एकदा खामगावला काय बोलली हो ती! सभागृह चिडीचूप. आणि शेवटच्या वाक्याला घंटी वाजली. पोरगी जागच्या जागी थांबली. ते वाक्य तसंच अर्धं राहिलं आणि नंबर गेला. परत येताना एस.टी. स्टँडवर मी तिला आलूबोंडा घेऊन दिला, तर तो हातात धरून नुसती रडत होती. गाडीत मला म्हणाली, "बाबा, अजून थोडंच उरलं होतं." किती वर्षं झाली, अजून तो रस्ता आला की मला ते वाक्य आठवतं. काय दिवस होते ते!

म्हणून आता नात बोलणार म्हटल्यावर माझा जीव कसा थाऱ्यावर राहणार? ईराचं भाषण मला पाहायचंच होतं, एक शब्दही चुकवायचा नव्हता.

एवढ्यावर थांबलो असतो तरी भागलं असतं. पण सकाळी मी हे नामदेवरावांना सांगितलं. नामदेवराव म्हणजे आमचे माजी सरपंच, माझे वर्गमित्र आणि शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनाचे कायमचे प्रमुख पाहुणे. त्यांचे 'दोन शब्द' सुरू झाले की नाचासाठी सजून उभ्या असलेल्या पोरी पडद्याआड झोपून जायच्या.

"काय सांगून राह्यले गुरुजी! आपली नात अमेरिकेच्या टीव्हीवर?" ते ताडकन उठले. "आता तुम्ही काही करू नका. मी पाह्यतो सगळं."

पाहिलं कसलं! दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकावर फ्लेक्स! 'अमेरिकेच्या प्रायमरीत वरवटची नात! हार्दिक अभिनंदन!' मधोमध गॉगल लावून हात जोडलेले नामदेवराव, आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी ईरा.

शनिवारी उजाडत नाही तोच अंगण भरलं. डिशवाल्याने फोन टीव्हीला जोडून दिला. ही आणि शेजारच्या वच्छलाबाई चुलीवर पोह्यांचं पातेलं चढवून बसल्या. नामदेवराव पुढच्या खुर्चीवर, अध्यक्ष म्हणून. मी कपाटातून ती जुनी घंटी काढली, चिंचेने घासून लख्ख केली आणि टीव्हीसमोर स्टुलावर ठेवली. म्हटलं, नातीची वेळ आपणच लावू.

सुरू झालं! हे मोठं सभागृह, झेंडे, दिव्यांचा झगमगाट. टेबलामागे दोघं परीक्षक. समोर उभ्या मेजांमागे कोट घातलेली चार-पाच पोक्त माणसं.

"गुरुजी, हे उभे हायेत थे कोण?" नामदेवरावांनी विचारलं.

तिकडच्या माणसाने नाकातून बोललेलं इंग्रजी माझ्या कानात शिरत नाही, पण वाचता तर येतं! पडद्यावर खाली पट्टी आली. मी ठसक्यात वाचली, "सिनेटर."

"म्हंजे?"

"अहो, सिनेट! आपल्या विद्यापीठात नसते का सिनेट? तिचे सदस्य. शिक्षणक्षेत्रातली माणसं."

दुसऱ्या माणसाखाली पट्टी आली, 'गव्हर्नर'. क्षणभर मीसुद्धा चपापलो. प्रायमरीच्या स्पर्धेला साक्षात राज्यपाल? पण मास्तर कधी अडतो का? म्हटलं, "राज्यपाल हे विद्यापीठाचे कुलपती असतात ना! म्हणून बोलावलंय. पाहा, तिकडे लहान पोरांच्या शिक्षणाला किती मान आहे!"

सगळं अंगण हळहळलं. आपल्याकडे तर केंद्रप्रमुखसुद्धा वेळेवर येत नाहीत, असं कोणीतरी म्हणालं.

मग भाषणं सुरू झाली. एक झालं, दुसरं झालं. प्रास्ताविक असेल, म्हणून आम्ही गप्प बसलो. पोह्यांची एक फेरी झाली. आणि बघता बघता ती कोटवाली माणसं एकमेकांवर बोटं नाचवायला लागली की हो!

"मायबाई!" वच्छलाबाई झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. "हे कायले भांडून राह्यले व?"

"शाळेच्या जागेवरून वाद असेल," मी म्हटलं.

"हाव, असंच असते," नामदेवराव म्हणाले. "शाळा समितीत मीबी एकदा खुर्ची उचलली होती."

परीक्षक थांबा थांबा म्हणत होते, पण ऐकतंय कोण? वेळ संपल्याचा आवाज होत होता तरी माणसं बोलतच! माझं डोकं तापायला लागलं. लेकरं बिचारी आत पाठ केलेलं घोकत बसली असतील, कोणाचे पाय दुखत असतील, कोणाला शू लागली असेल, आणि ही मोठी माणसं त्यांचा वेळ खातायत!

तेवढ्यात प्रेक्षकांतून कोणीतरी माइक मागितला. आखूड केसांची, चष्मा लावलेली, निळा कोट घातलेली एक बाई उभी राहिली. झालं! म्हणजे आता पालकसुद्धा बोलणार! बाईंनी बोलायला सुरुवात केली. तिच्या मागे एक लहान डोकं हललं आणि मला वाटलं, ईराच ती!

"ओ बाई!" मी टीव्हीवर खेकसलो. "बाजूला व्हा! मागची पोरगी दिसू द्या!"

ही चहा घेऊन दारात आली होती. तिथंच थबकली.

"अहो, हा आवाज आपल्या सुलूसारखा वाटून राह्यला."

"तिकडे सगळ्या बायकांचे आवाज असेच असतात," मी म्हटलं. "तू मध्ये बोलू नको!"

बाईंची वेळ संपली. आवाज झाला. बाई थांबेना! समोरचा माणूस काही बोलायला गेला, तर तिने हात वर करून त्यालाच थांबवलं आणि आपलं चालूच ठेवलं. आता मात्र माझा संयम सुटला. मी घंटी उचलली आणि टिंग टिंग टिंग टिंग! "घंटी झाली बाई! बसा खाली! शिस्त नावाची चीज आहे की नाही?" सगळं अंगण माझ्याबरोबर ओरडायला लागलं. तिकडे टाळ्या पडल्या आणि इकडची घंटी ऐकू आल्यासारखी ती बाई बसली. मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं.

थोड्या वेळाने कार्यक्रमच संपला. दिवे मंदावले, माणसं हात मिळवून निघाली.

"गुरुजी," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "आपली पोट्टी कुठी हाय?"

उत्तर माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. "मोठ्यांच्या भाषणांत वेळ संपला. पोरांचं राहूनच गेलं."

आणि तुम्हाला सांगतो, एकालाही शंका आली नाही! कारण हे प्रत्येकाने दरवर्षी पाहिलेलं होतं. सगळ्यांच्या माना हळूहळू नामदेवरावांकडे वळल्या. ते खुर्चीत आक्रसले.

"मले काऊन पाह्यता बे?" ते म्हणाले. मग आवाज उतरला. "गुरुजी, मीबी असंच करत होतो का हो? पोट्ट्यांचा वेळ खात होतो?"

पंचवीस जानेवारीच्या स्नेहसंमेलनात थंडीने कुडकुडलेल्या कितीतरी पिढ्यांच्या वतीने मी मान डोलावली.

आणि फोन वाजला. सुलू! डिशवाल्याने फोन अजून टीव्हीला जोडलेला होता, त्यामुळे आवाज सगळ्या अंगणात घुमला.

"बाबा, दिसले का मी?"

"तू?"

"अहो, मीच तर सरप्राइज! मी प्रश्न विचारला ना, निळा कोट घालून! बाबा, वेळ संपल्याचं वाजलं, पण मी थांबले नाही. पूर्ण वाक्य बोलून मगच बसले. सारखं वाटत होतं, आता बाबा तिकडून ओरडतील."

वच्छलाबाई पुढे सरसावल्या.

"ओरडले व माय! लय ओरडले! घंटीबी बडवली!"

सुलू हसत सुटली. इतकी हसली की तिला बोलता येईना. हसणं ओसरल्यावर तिने विचारलं, "पण बाबा, तुम्ही मला ओळखलं नाही?"

"अगं, केस कापलेस ना तू..."

"दोन वर्षं झाली कापून, बाबा."

जिला मी बोलायला शिकवलं, ती एवढ्या माणसांत ताठ उभी राहिली, आणि बाप तिला म्हणतोय, बाजूला हो.

नामदेवरावांनी वेळ सावरली. "पण पोरी, हे प्रायमरीवाले एवढे भांडत कायले होते?"

"काका, प्रायमरी म्हणजे पक्षातर्फे निवडणुकीला कोणी उभं राहायचं, ते आधी ठरवतात. त्याची डिबेट होती."

"म्हंजे तिकिटाचं भांडण?" नामदेवराव खुर्चीवरून उठलेच. "अरे, मंग आधी सांगाचं ना! तिकिटाचं भांडण आम्हाले समजत नाही काय? हे गुरुजी सिनेट अन् कुलपती सांगून राह्यले!"

अंगणात जो हशा पिकला तो पार बसस्टँडपर्यंत ऐकू गेला असेल. मी डोळे पुसायला नळावर गेलो. तोंडावर पाणी मारलं, नाक शिंकरलं, जरा वेळ तिथंच उभा राहिलो. तेवढ्या वेळात सुलूने आपला प्रश्न सगळ्यांना मराठीत सांगितला. परत आलो तर वच्छलाबाईंचे डोळे पाणावलेले, ही पदराने नाक पुसतेय, आणि नामदेवराव चक्क गप्प!

"कसा वाटला प्रश्न, बाबा?" सुलूने विचारलं.

आता या क्षणी शहाण्या माणसाने काय म्हणावं? मी ऐकला नाही, परत सांग. म्हटलं का मी? छे! एवढं सगळं झाल्यावर आणखी खाली कुठे जायचं? मी म्हटलं, "एकदम मुद्द्याचा! अगदी वर्मावर बोट!"

तिला इतका आनंद झाला की विचारू नका. त्याच दिवशी तिने तेवढा तुकडा कापून माझ्या फोनवर पाठवला. रोज सकाळी पाहतो. काय उभी राहते, काय मान उचलते! पण इंग्रजी असं झरझर बोलते की मला शेवटचं 'थँक यू' तेवढं कळतं. हिला विचारलं तर ही म्हणते, "काऊन? अख्ख्या गावाले समजावून सांगणारे तुम्हीच होते ना!" वच्छलाबाईंपासून नामदेवरावांपर्यंत सगळ्यांनाच, मला सांगायचं नाही म्हणून, हिने तंबी देऊन ठेवलीय. सुलूला विचारायची तर मीच सोय ठेवली नाही.

म्हणून म्हणतो, तुम्ही शहरात राहता, चांगली शिकलीसवरलेली माणसं. हा घ्या फोन, हे इथं दाबा. माझ्या लेकीने त्या मोठ्या माणसांना काय विचारलं, ते मला मराठीत सांगा. पण जरा हळू हं, ही आत स्वयंपाकघरात आहे.